इंजेक्शनाची तारीख उलटून गेलीय. आता घेऊ की सोडून देऊ?

पत्र

डॉक्टर,

मी कराडजवळच्या गावात राहते. वय ६१, शाळेतून निवृत्त. सव्वादोन वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरून पडले आणि मनगट मोडलं. तेव्हा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, तिच्यात कण्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती, तो आकडा) उणे २.९ आला. हाडांच्या डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू केलं. चार झाली. चौथं २५ ऑक्टोबरला घेतलं. पाचवं एप्रिलअखेर घ्यायचं होतं, ते अजून घेतलेलं नाही.

त्याचं असं झालं की मार्चमध्ये पुन्हा डेक्सा केली, तर टी-स्कोअर उणे २.४ आला. जाऊबाई म्हणाल्या, ‘बरी झालीस की! आता कॅल्शियमच्या गोळ्या पुरेत, मी तेवढ्यावरच आहे.’ त्यातच दाताच्या डॉक्टरांनी खालची दाढ काढायला सांगितली आणि ‘हाडाचं इंजेक्शन चालू असेल तर आधी बंद करा’ म्हणाले. आणि बायोटेक्नॉलॉजी शिकणारा माझा भाचा सांगतो की हाडातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवत असतात आणि हे औषध तो निरोपच मध्ये अडवतं. ‘मावशी, शरीराचं आतलं बोलणं बंद पाडून कसं चालेल?’ हे त्याचं वाक्य काही डोक्यातून जात नाही. हाड तर दगडासारखं, त्यात कोण कोणाशी बोलतं? इंजेक्शन घेऊ की सोडू?

(नाव छापू नये.)

उत्तर

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. इंजेक्शन सोडू नका. याच आठवड्यात तुमच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा, रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या आणि राहिलेला डोस घ्या. या औषधाला ठरल्या तारखेनंतर फार तर महिनाभर उशीर चालतो. तुमचा तो महिना संपत आलाय, म्हणूनच हा अंक छापून होण्याची वाट न पाहता तुम्हाला कार्यालयातून फोन केला होता.

भाचा सांगतो ते खरं आहे. पोरगं वाचतं, ही चांगलीच गोष्ट. फक्त त्याने गोष्ट अर्ध्यावर सोडली. निरोप अडवला जातो इथपर्यंत तो आला. अडवून ठेवलेला निरोप एकदम मोकळा सुटला की काय होतं, ते सांगायचं राहिलं. तुमचा सगळा निर्णय त्या राहिलेल्या भागावर ठरतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळेत विज्ञानाच्या खोलीत जो सांगाडा टांगलेला असायचा, तो मेलेला, धुऊन वाळवलेला. त्यामुळे हाड म्हणजे दगड, ही समजूत आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात घट्ट बसलेली असते. जिवंत हाडात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात, आणि मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सरासरी दहावा हिस्सा दर वर्षी मोडून नव्याने रचला जातो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी नवं रचतात. आपल्याकडच्या रस्त्यांसारखंच, खोदणारे वेगळे आणि बुजवणारे वेगळे. फरक एवढाच की इथे बुजवणारे खरोखर येतात. तेही नेमक्या त्याच खड्ड्यावर येतात आणि निरोगी तरुण शरीरात जेवढं निघालं जवळजवळ तेवढंच भरून जातात. अंगात एकाच वेळी अशी लाखो ठिकाणं उघडी असतात. हॅरोल्ड फ्रॉस्ट या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाने १९६०च्या दशकात दाखवलं की या दोन पेशी सुट्यासुट्या काम करत नाहीत, एकेका ठिकाणी त्यांची जोडटोळी चालते. मग प्रश्न उरला की एकीला दुसरीची खबर लागते कशी? तुम्ही विचारलंय तेच.

यात तिसरी एक पेशी आहे, आणि खरा कारभार तिच्या हातात आहे. हाड रचता रचता काही ऑस्टिओब्लास्ट आपणच रचलेल्या भिंतीत गाडल्या जातात. त्या मरत नाहीत. त्यांचं रूप पालटतं, चहूबाजूंना बारीक बारीक फाटे फुटतात, आणि त्यांना ऑस्टिओसाइट म्हणू लागतात. हाडातल्या सगळ्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त याच. एका माणसाच्या सांगाड्यात त्या साधारण ४२०० कोटी असाव्यात असा हिशेब २०१५ साली मांडला गेला. त्याच हिशेबात त्यांच्या फाट्यांची एकूण लांबी पावणेदोन लाख किलोमीटर निघाली. प्रत्येक पेशी आपल्या इवल्याशा खोबणीत बसलेली असते. तिचे फाटे केसाच्या शंभराव्या हिश्शाइतक्या बारीक नळ्यांमधून शेजारणींपर्यंत जातात आणि जिथे टोकाला टोक भिडतं तिथे दोघींच्या मध्ये सूक्ष्म दारं असतात. त्या दारांमधून आयन आणि लहान रेणू सरळ या पेशीतून त्या पेशीत जातात.

तुम्ही उंबरा ओलांडून पाऊल टाकता तेव्हा मांडीचं हाड डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतकं किंचित वाकतं. त्यासरशी त्या नळ्यांमधला द्रव हलतो, फाट्यांना घासून जातो, आणि हाडावर भार पडतोय हे ऑस्टिओसाइटला कळतं. भार पडत राहिला तर ती स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी सोडते. स्क्लेरोस्टिन हा बांधणाऱ्या पेशींवरचा लगाम आहे. लगाम सैल झाला की त्या कामाला लागतात. माणूस अंथरुणाला खिळला किंवा अंतराळात गेला की उलटं घडतं. अंतराळवीरांच्या नितंबाच्या आणि कण्याच्या हाडांतून महिन्याला एक ते दीड टक्का हाड जातं ते यामुळेच. हे प्रथिन आधी सापडलं ते ज्यांच्यात ते तयारच होत नाही अशा माणसांमुळे. दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानेर घराण्यांत जनुकातल्या दोषामुळे हाडं आयुष्यभर जाडच होत जातात. कवटी इतकी जाड होते की नसा दबून बहिरेपण येतं, चेहरा लुळा पडतो. म्हणजे लगाम नसणंही बरं नाही. २००१ साली त्या जनुकाचा छडा लागला आणि त्या धाग्यावरून रोमोसोझुमॅब हे औषध निघालं. त्याबद्दल इथे एवढंच पुरे, कारण तुमच्या डॉक्टरांनी ते दिलेलं नाही आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात अलीकडे होऊन गेलेल्यांना ते देत नाहीत.

आता मोडण्याचा निरोप. रोजच्या वापराने हाडात सूक्ष्म तडे जातात. तडा त्या बारीक नळ्या तोडतो, त्याच्या काठच्या ऑस्टिओसाइट मरतात, आणि आजूबाजूच्या जिवंत पेशी रँक-एल नावाचं प्रथिन वाढवतात. ‘इथलं जुनं काढा’ हा निरोप तो. ऑस्टिओक्लास्ट आधीपासून तयार बसलेल्या नसतात. पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या काही बालपेशी रक्तातून आणि मज्जेतून तिथे येतात, त्यांच्या अंगावरच्या रँक या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, रँक-एल येऊन बसतं, मग त्या एकमेकींत मिसळतात आणि पाच-दहा केंद्रकांची एक दांडगी पेशी तयार होते. ती हाडाला चिकटते, कडेने गोल गच्च बसते की आतलं बाहेर गळू नये, आणि पोटाखालच्या त्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लाने खनिज विरघळतं. उरलेले प्रथिनांचे तंतू कॅथेप्सिन-के नावाचं विकर कापतं. दोन ते चार आठवड्यांत उथळ खड्डा तयार होतो.

या निरोपाचा शोध लागला ती हकीकत भाच्याला जरूर सांगा. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक वाढलं की हाड झिजतं, हे ठाऊक होतं. मग ते संप्रेरक ओळखणारा ग्राही मोडणाऱ्या पेशींवर सापडायला हवा होता. सापडला तो बांधणाऱ्या पेशींवर! १९८१ साली गिडिऑन रोडन आणि जॉन मार्टिन या दोघांनी यातून धाडसी अंदाज बांधला की मोडण्याचा हुकूम बांधणाऱ्यांच्या घरातूनच निघत असला पाहिजे. तेव्हा हाताशी पुरावा फार नव्हता. सोळा वर्षांनी, १९९७च्या सुमारास, अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या आणि जपानमधल्या एका दूध कंपनीच्या प्रयोगशाळांना वेगवेगळ्या वाटांनी एकच प्रथिन सापडलं. ज्या उंदरांत ते जास्त बनवलं त्यांची हाडं भलतीच घट्ट झाली. त्याचं नाव ऑस्टिओप्रोटेजेरिन, बोलताना ओपीजी. ते रँकसारखं दिसतं, पण कुठल्या पेशीला जोडलेलं नसतं, मोकळं फिरतं. रँक-एल त्याला खरा ग्राही समजून चिकटतं आणि निरोप पोचतच नाही. ओपीजी हाती लागल्यावर त्याला चिकटतं ते काय, हे शोधताना रँक-एलही मिळालं. (दूध कंपनीला हाडांत रस असणं मला तरी अगदी रास्त वाटतं.)

म्हणजे ताई, निरोप अडवण्याची सोय शरीराने स्वतःच करून ठेवलेली आहे. निरोप आणि त्याचा अडसर, दोन्ही एकाच घरच्या पेशी बनवतात. कुठे किती हाड मोडायचं हे त्या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. भाच्याच्या शंकेला माझं पहिलं उत्तर हेच.

पाळी जाते तेव्हा हे प्रमाण बिघडतं. इस्ट्रोजेन ओपीजीला धरून असतं आणि रँक-एलला आवर घालतं. ते गेलं की निरोप जास्त आणि अडसर कमी, शिवाय मोडणाऱ्या पेशी जगतातही जास्त दिवस. त्यातून वेळेचं गणित बाईच्या विरुद्ध जातं. खड्डा पडायला दोन-चार आठवडे लागतात, पण तो भरायला चार ते सहा महिने. बांधणाऱ्या पेशी दिवसाला जेमतेम एक मायक्रोमीटर थर चढवतात, आधी मऊ, मग त्यात हळूहळू खनिज भरतं. एकाच वेळी फार खड्डे उघडले की भरणी मागे पडते. आतल्या जाळीची एखादी काडी मधूनच तुटली, तर पुढे रचायला आधारच राहत नाही. कण्याच्या मणक्यांत अशी जाळी जास्त, म्हणून तिथे आधी कळतं. तुमचं मनगटही त्याच जातीचं.

बांधणाऱ्यांना खड्ड्याचा पत्ता कसा लागतो, हे अजून सांगितलं नाही. हाड रचलं जातं तेव्हा त्यात वाढीला चालना देणारी काही प्रथिनं गाडली जातात. टीजीएफ-बीटा आणि आयजीएफ-१ ही त्यांतली दोन. पुढे वर्षांनी ते हाड विरघळलं की ती मोकळी होतात आणि आसपासच्या बालपेशींना त्या जागी ओढून कामाला लावतात. शिवाय मोडणाऱ्या पेशी आपणही खुणा सोडतात. काहींनी बांधणाऱ्यांना बोलावलं जातं, आणि सेमाफोरिन-४डी सारख्या एखादीने ‘माझं आटपेपर्यंत थांबा’ असंही सांगितलं जातं. या भागाचा उलगडा अजून चालू आहे. तुमच्या कामाचा मुद्दा असा, की मोडणं थांबवलं तर पुढच्या बांधणीची हाकही मंदावते. डेनोसुमॅबने दोन्ही मंद होतात, हे डॉक्टरांना माहीत असतं. तरी ते देतात, कारण आधी उघडलेले खड्डे भरून निघतात, नवे फार पडत नाहीत, आणि जुन्या हाडात खनिज भरत राहतं. घनता वाढते ती अशी.

आता इंजेक्शन. डेनोसुमॅब हे ओपीजीचंच काम करणारं, प्रयोगशाळेत तयार केलेलं प्रतिपिंड. कातडीखाली ६० मिलिग्रॅम दिलं की रँक-एलला धरून ठेवतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पाळी गेलेल्या सात हजार आठशेहून जास्त स्त्रिया होत्या. तीन वर्षांत मणक्यांचे नवे फ्रॅक्चर खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तुलनेत ६८ टक्क्यांनी कमी झाले, खुब्याचे ४० टक्क्यांनी. पुढे काही जणींनी ते दहा वर्षं घेतलं आणि घनता वाढतच राहिली. औषध म्हणून मला हे आवडतं. फक्त ते सुरू करताना ‘हे मनाने थांबवायचं नाही’ ही गोष्ट पेशंटला बसवून, नीट समजावून सांगायला हवी. गर्दीच्या ओपीडीत ती राहून जाते, आणि मग अशी पत्रं येतात.

कारण हे औषध हाडात मुरत नाही. अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल ही बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं हाडाच्या खनिजाला चिकटून वर्षानुवर्षं राहतात. ती थांबवली तरी असर रेंगाळतो. डेनोसुमॅब रक्तात फिरतं आणि सहा महिन्यांत ओसरतं. दरम्यान मोडणाऱ्या पेशींच्या कुळातल्या पेशी संपलेल्या नसतात, नुसत्या खोळंबलेल्या असतात. सिडनीतल्या गार्वन संस्थेच्या संशोधकांनी २०२१ साली उंदरांच्या जिवंत हाडात पाहिलं की मोठ्या ऑस्टिओक्लास्ट मरण्याऐवजी लहान लहान पेशींत फुटतात, मज्जेत हिंडतात, आणि पुन्हा एकमेकींत मिसळून मोडायला बसतात. निरोप अडवलेला असताना अशा लहान पेशी साठत जातात. मग औषध ओसरतं, रँक-एल मोकळं होतं, आणि साठलेल्या सगळ्या पेशी एकदम कामाला लागतात. हाड मोडण्याचा वेग दाखवणारी सीटीएक्स ही रक्ततपासणी तेव्हा उपचारांपूर्वीच्या आकड्याच्याही वर जाते. कमावलेली घनता एक-दोन वर्षांत बहुतेक निघून जाते. काही बायकांमध्ये तर लागोपाठ दोन-तीन मणके चेपतात, कधी नुसतं वाकून बादली उचलल्याने. ज्यांचा मणका आधीच चेपलेला आहे त्यांना हा धोका जास्त.

‘उणे २.४ म्हणजे बरी झाले ना?’ याचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. उणे २.५ ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४च्या व्याख्येतली, ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या विकाराच्या, निदानासाठी आखलेली. ती ओलांडली म्हणून औषध थांबवता येतं असा तिचा अर्थ नाही. तुमचा आकडा सुधारलाय तो निरोप अडवलेला असताना मोजलेला आहे. त्याबद्दल आनंद जरूर माना, पेढेही वाटा, पण पुढचा डोस घेऊन.

हे जन्मभर घ्यायचं का? तसं नाही. पुढे थांबवायचं ठरलं तर दुसऱ्या औषधाच्या आधाराने थांबवतात. डेनोसुमॅबचा असर ओसरायच्या सुमारास झोलेड्रोनिक आम्लाचा ५ मिलिग्रॅमचा डोस शिरेतून देतात, किंवा अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा सुरू करतात, म्हणजे त्या खोळंबलेल्या पेशींची लाट रोखली जाते. मधून मधून सीटीएक्स बघून आणखी डोस लागतो का ते ठरवतात. ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करायची, जेवल्यावर आकडा खाली दिसतो. औषध किती वर्षं घेतलंय यावर हा बदल किती अवघड जाईल ते अवलंबून असतं. म्हणून पाचवं घ्यायला गेलात की डॉक्टरांना सरळ विचारा: ‘हे किती वर्षं चालवायचं, आणि थांबवताना पुढे काय देणार?’ उत्तर लिहून घ्या.

दाढेबद्दल. दाताच्या डॉक्टरांची धास्ती अगदीच निराधार नाही. हाडाचं मोडणं-बांधणं मंद असताना दात काढला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडं पडतं. पण कॅन्सरच्या पेशंटना हेच औषध कितीतरी मोठ्या मात्रेत, दर महिन्याला देतात, आणि ही भीती मुख्यतः तिथून आलेली आहे. तुमच्या मात्रेत, मघाच्या चाचणीच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात, दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला साधारण पाच असं हे प्रमाण निघालं. त्यापुढे औषध अचानक बंद करून मणके चेपण्याचा धोका तुमच्यासारखीला कितीतरी मोठा. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना फोनवर एकमेकांशी बोलू द्या. मधल्या मध्ये तुम्ही निरोप्या होऊ नका. रूट कॅनॉल करून दाढ वाचत असेल तर ते उत्तमच. काढायचीच असेल तर इंजेक्शनाच्या तारखेशी मेळ घालून दिवस ठरवता येतो. पू किंवा सूज असेल तर लगेच दाखवा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तंबाखूची मिसरी असेल तर ती आजपासून बंद. आपल्याकडच्या बायका मिसरीबद्दल विचारल्याशिवाय सांगत नाहीत, म्हणून मीच काढलं.

जाऊबाईंचं कॅल्शियम. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतंच, पण तो माल झाला. खोदणाऱ्यांना आवर घालायला त्याचा उपयोग नाही. ज्यांचं हाड एकदा मोडलंय त्यांना नुसत्या गोळ्यांवर ठेवत नाहीत. जाऊबाईंनी स्वतःची डेक्सा केलीय का, तेही जरा विचारा. तुम्हाला मात्र कॅल्शियम दुहेरी कारणाने हवं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर हाडातून काढून घेतं. इंजेक्शनानंतर ती वाट बंद होते, आणि आधीच कमी असेल तर रक्तातलं प्रमाण आणखी घसरतं. ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात, पायात गोळे येतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच जपावं लागतं. म्हणून आधी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासायचं. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं म्हणणं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका बेताच्या भाकरीतून पावणेदोनशे मिळतं. कपभर गाईच्या दुधात सव्वादोनशे-अडीचशे. दही, ताक, तीळ, राजगिरा तुमच्या घरात असतीलच. जेवढं कमी पडेल तेवढंच गोळीतून, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कारण त्यापुढे ते नीट शोषलं जात नाही.

भाच्याच्या शंकेतला एक भाग मी अजून उत्तराशिवाय ठेवलाय. रँक-एल हाडापुरतं नाही; रोगप्रतिकाराच्या पेशीही ते वापरतात. मघाच्या चाचणीत कातडीचे गंभीर संसर्ग औषध घेणाऱ्यांत किंचित जास्त दिसले होते, एकूण संख्या थोडीच. तेव्हा पाय लाल होऊन सुजला, ताप आला, तर दुर्लक्ष करू नका. मांडीत किंवा जांघेत बरेच दिवस ठणका राहिला तरी सांगा. वर्षानुवर्षं हाडाचं नूतनीकरण मंद राहिलं तर क्वचित मांडीच्या हाडाला विचित्र आडवा तडा जातो, आणि त्याची चाहूल आधी दुखण्यातून लागते.

चालणं चालू असेल तर छान, पण पेशींना ओळखीच्या भाराची सवय होते. त्यांना थोडा नवा, थोडा झटक्याचा भार जास्त कळतो. ओट्याला धरून टाचा उचलून खाली टेकवणं, खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा-बारा वेळा उठणं-बसणं, जिन्याच्या एका पायरीवर चढउतार, एवढं दिवसातून दोनदा. एकदम तासभर करण्यापेक्षा मध्ये विश्रांती देऊन केलेलं हाडाला जास्त मानवतं. भरलेली कळशी, तांदळाचं पोतं कमरेतून वाकून उचलायचं नाही; गादी झटकताना पाठ पिळायची नाही. आणि जिथे पडलात त्या अंगणातलं शेवाळ खरवडून घ्या, मोरीशी घसरणार नाही अशी चटई टाका, रात्री उठताना दिवा लावा. पुढचं फ्रॅक्चर टाळायला हे औषधाइतकंच कामाचं आहे.

इंजेक्शन घेतल्यावर पुढची तारीख कॅलेंडरवर स्वतः लिहा, दवाखान्याच्या फोनवर अवलंबून राहू नका. उशीर झालाच आहे, तेव्हा येत्या दोन-तीन महिन्यांत पाठीच्या मधोमध अचानक चमक भरली, कूस बदलताना कळ निघाली, किंवा परकराची नाडी बांधताना उंची उतरल्यासारखी वाटली, तर ‘वात असेल’ म्हणून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कण्याचा बाजूने एक्स-रे काढायला सांगा, आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ती तारीख त्यांनी विचारली नाही तरी सांगा.